निरर्थक अक्षरं

दवनीवाड्याच्या दुधरामची पोरगी नागपूरला कॉलेजात काय शिकते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. खुद्द दुधरामला तो शब्द एका दमात म्हणता येत नसे. बांधावरून पाय उचलून टाकावा तसा मध्ये थांबून तो म्हणायचा, "मानूस... शास्त्र."

"म्हंजे डाक्टरी?"

"डाक्टर हातापायाचा राह्यते. हे मनाची."

यावर ऐकणारा जरा मागं सरकून बसायचा. मनातलं ओळखणारं माणूस गावाला नवं नव्हतं. बिसराम पुजारी होता, पण तो आता म्हातारा झाला होता आणि बोकडाशिवाय बोलत नव्हता. या धंद्यात कुणी कॉलेजात शिकून शिरेल असं मात्र गावाला वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर धुरपतानं हा विषय घेतला तो संस्कृतच्या भीतीनं. त्रेपन्न साल होतं. नागपूरला मराठीतून शिकायची सोय नवी नवी झाली होती आणि पुस्तकातले शब्द कोऱ्या कापडासारखे कडक होते. अवधान, संवेदन, साहचर्य. शहरातल्या मुली ते घोकत. धुरपताला घोकलेलं टिकत नसे. ती धडा एकदा वाचायची, पुस्तक मिटायची आणि होस्टेलच्या रांधणखोलीत जाऊन रुख्माबाईसमोर बसायची. रुख्मा तुमसरकडची, तिथं स्वयंपाकाला होती. दुपारी ती तांदळातले खडे वेचायची, आणि धुरपता तिला अख्खं मानसशास्त्र आपल्या बोलीत सांगायची.

"अवधान म्हंजे असं पाय, रुख्माबाई. चुलीवर दूध हाये अन् तू माह्याशी बोलून राहिलीस. कान माह्याकडं, पन जीव दुधाकडं. जीव जिकडं, थे अवधान."

"दूध कोठी हाये?"

"नाई हाये. हाये असं धर."

"धरून कसं चालन बाई? दूध कोठी हाये थे सांग पह्यले."

रुख्माला पटेपर्यंत धुरपता सोडत नसे, आणि एकदा का रुख्माला पटलं की मग जगातला कुठलाही परीक्षक तिला अडवू शकत नसे. पहिल्या वर्षी त्या विषयात ती वर्गात पहिली आली. सरांनी तिचा पेपर वाचून दाखवला. चुलीवरच्या दुधाचं उदाहरण आलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं हसली, पण सर हसले नाहीत. म्हणाले, "हे पुस्तकात नाही. हे हिला समजलंय."

हे सगळं घडू शकलं ते एका बाईमुळं. धुरपताची आई ती लहान असतानाच गेली. तिचे केस विंचरायला, परकराच्या नाड्या ओवायला, ताप आला की उशाशी बसायला घरात आली ती वैनी, अनुसया, केशोरीची. ती आली तेव्हा स्वतःच पोरसवदा होती. पुढं धुरपताला शिकायला बाहेर पाठवायचं की नाही यावर घरातले बाप्ये जेवताना हं-हं करत बसले होते, तेव्हा भात वाढता वाढता तीच म्हणाली होती, "तिले जाऊ द्या. तिच्या हातचं काम मी करीन." आणि केलं. रोवणी, निंदणी, ढोरं, चूल, सगळं. पुढं पोर झालं तर ते कडेवर घेऊन केलं.

पोराचं नाव बारशाला छोटेलाल ठेवलं होतं. त्या नावानं त्याला कुणी एकदाही हाक मारली नाही. घरात, गल्लीत तो टुराच. आमच्या इकडं पोरग्याला टुराच म्हणतात. उन्हाळ्याच्या सुटीत तो धुरपताच्या कडेवरून उतरत नव्हता. तेव्हा तो जेमतेम बोलायला लागला होता. म्हणजे बोलत खूप होता, पण त्याचं बोलणं अजून कुठल्या भाषेच्या हद्दीत आलेलं नव्हतं.

श्रावणात बापाचं कार्ड आलं. दुधरामनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. 'टुरा तापानं गेला. तू येऊ नको, नदीनाले भरून हायेत. अभ्यास कर.' धुरपतानं कार्ड वाचलं, उशीखाली ठेवलं आणि ती तासाला गेली. त्या दिवशी 'विस्मरण' हा धडा होता. तिनं तो नीट उतरवून घेतला. मुली म्हणाल्या, काय धीराची आहे. तिलाही क्षणभर तसंच वाटलं. रडू आज येईल, उद्या येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. ते आलं नाही. मग अभ्यास होताच.

दिवाळीच्या आधी सरांनी स्मृतीचा प्रयोग लावला. जर्मनीतल्या एका माणसानं म्हणे स्वतःवरच करून पाहिला होता. माणूस किती लक्षात ठेवतो आणि किती विसरतो हे मोजायचं, तर ज्याला अजिबात अर्थ नाही अशीच अक्षरं पाठ करायला द्यायची. अर्थ असला की माणूस त्याला लटकतो, मग मोजमाप बिघडतं.

"प्रत्येकानं आपापली अक्षरं बनवायची," सर म्हणाले. "अट एकच. ती कोणत्याही भाषेत निरर्थक हवीत."

ही अट पुण्यात सोपी गेली असती. नागपूरच्या त्या वर्गात सगळ्या मुलखांची पोरं. एकानं 'येर' म्हटलं, तर देवरीकडचा मुलगा उठला, "सर, येर म्हणजे गोंडीत पाणी." कुणी 'रोन' म्हटलं, तोच पुन्हा उठला, "रोन म्हणजे घर." सर म्हणाले, "तुम्ही जरा खाली बसा." शहरातल्या एका मुलीनं मोठ्या विश्वासानं 'टुरा' म्हटलं. धुरपता न उठताच बोलून गेली, "आमच्याकडं पोरग्याले म्हनतात." सगळे हसले. तीही हसली.

मग तिची पाळी आली. तिनं वाचलं, "ठिफ. बुई. झाफ. लेब. थुझ. टेंई." सर थांबले, वर्गाकडं पाहिलं. देवरीचा मुलगासुद्धा काही बोलला नाही. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी, कुणालाच काही सापडलं नाही.

"शाबास," सर म्हणाले. "ही खरी निरर्थक अक्षरं."

* * *

दिवाळीच्या सुटीत गोंदियाच्या टेसनवर तिला घ्यायला दादा बंडी घेऊन आला होता. शालीकराम मुळातच कमी बोलणारा, पण त्या दिवशी तो बैलांशीही बोलत नव्हता. धानाची कापणी लागली होती, दोन्ही बाजूंना पिवळं झालेलं शेत, आणि बंडीचा आस कुरकुरत होता.

"आसाले तेल नाई टाकलं का, दादा?"

"नाई." बैलांच्या शिंगांकडं पाहत तो म्हणाला, "तुही वैनी बोलत नाई."

"कोनाशी?"

"कोनाशीच नाई. टुरा गेला तवापासून."

बिसरामनं धूर देऊन पाहिला होता. लिंबू झालं, कोंबडं झालं. वैनी धुरात नीट बसली, डोळ्यांतून पाणी आलं ते धुराचं, आणि मग उठून चुलीला लागली. काम सगळं करत होती. फक्त तोंड उघडत नव्हती.

"मंडईले आत्या येनार हाये, गोरेगाववाली," दादा म्हणाला, आणि त्यानं बैलाच्या शेपटीला उगाच हात लावला.

पुढचं सांगायची गरज नव्हती. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, पाव्हणे येतात, रात्रभर दंडारीचं नाटक चालतं आणि दिवसा पोरी दाखवल्या जातात. सावित्री आत्या दंडार पाहायला कधीच येत नसे. तिच्या पाहण्यात एक पोरगी होती. वैनी मंडईपर्यंत बोलली तर ठीक, नाहीतर तिचा भाऊ येऊन तिला केशोरीला नेणार आणि शालीकरामसाठी दुसरी येणार. तेव्हा यात कुणाला वावगं वाटत नसे.

दुधराम अंगणातच वाट पाहत होता. पोरीच्या हातातलं पुस्तकांचं गाठोडं त्यानं स्वतः घेतलं आणि वजन करून पाहिल्यासारखं हलवलं.

"आता तू आलीस, बाई. आता काही काळजी नाई. तिच्या मनातलं काढ."

"बाबा, मी अजून शिकूनच राहिली."

"मंग? दीड साल झाला ना?"

दीड साल झालं होतं. एवढ्या काळात डोळा कसा पाहतो, कान कसा ऐकतो, कुत्र्याच्या तोंडाला पाणी कसं सुटतं, हे सगळं झालं होतं. पुस्तकाच्या शेवटी 'मनोविकृती' म्हणून एक प्रकरण होतं. त्यावर सर म्हणाले होते, हे सोडून द्या, परीक्षेला नाही. धुरपतानं आता ते उघडलं. एका बैठकीत वाचून संपवलं. त्यात नावं होती. औषध नव्हतं.

तरी तिनं सुचेल ते केलं. वैनीजवळ बसली. बोलकं केलं पाहिजे म्हणून बोलत राहिली. नागपूरच्या गोष्टी सांगितल्या, रुख्माबाईची नक्कल केली. टुऱ्याचं नाव काढू की नको, हे मात्र तिला ठरवता येईना. नाव काढलं तर जखम उघडेल, नाही काढलं तर मुरेल. पुस्तकात दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं. वैनी ऐकून घ्यायची. सकाळी तिनं धुरपताला पुढ्यात बसवून डोक्याला तेल घातलं, पूर्वीसारखंच, बोटांनी केस उकलत. ती बोटं नीट होती. बोटांना काही झालं नव्हतं. धुरपताला वाटलं, आपण वर्गात पहिल्या आलो आणि एका बाईच्या तोंडून एक शब्द काढू शकत नाही.

शेवटी ती आपल्या कामाला लागली. असं होतं. काहीच जमेनासं झालं की माणूस आपल्याला जमतं ते करत बसतं. प्रयोगाची अक्षरं एका चालीत, न अडखळता वाचायचा सराव करायचा होता. घरामागच्या सांदवाडीत वैनी सुपानं धान पाखडत होती, धुरपता भिंतीला टेकून म्हणत होती, "ठिफ. बुई. झाफ. लेब. थुझ. टेंई. ठिफ. बुई..."

सुपाचा आवाज थांबला. वैनी उठून घरात गेली, पाण्याचा लोटा घेऊन आली आणि धुरपतासमोर ठेवून परत सुपाजवळ बसली. धुरपतानं पुस्तकातून डोकं न काढता पाणी पिऊन टाकलं. घसा सुकलाच होता. वैनीला न सांगता कळतं, हे काय तिला नवीन होतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधराम ओट्यावर बसला होता. वैनी आतून पाणी घेऊन आली, लोटा त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "बुई."

दुधरामच्या हातातली चिलीम खाली पडली.

* * *

तासाभरात अर्ध्या गावाला कळलं होतं की दुधरामच्या पोरीनं मंत्र घातला आणि सून बोलली. ज्यांनी धुरपताला सांदवाडीत पुटपुटताना भिंतीवरून ऐकलं होतं ते साक्षीदार झाले. ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही झाले.

"बाबा, हा मंत्र नाई हो. याले काहीच अर्थ नाई. मी बनवली हे अक्षरं."

"हो बाई, हो." दुधरामनं डोळे मिटून मान हलवली. "मंत्र सांगाचा नसते. मी कोनाले नाई बोलत."

"अवो, पन मंत्र असन त सांगाचा नाई ना!"

"तेच म्हनून राहिलो मी."

दुपारी बिसराम पुजारी स्वतः आला, काठी टेकत, धंद्यातल्या माणसाकडं धंद्यातलं माणूस येतं तसा. त्यानं पायरीवर बूड टेकलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोन्या गुरूचा होय हा?"

धुरपता चिडली होती. म्हणाली, "जर्मनीच्या."

बिसरामनं जरा विचार केला. "दूरचा हाये," तो म्हणाला. "म्हनून लागला. आपल्या इकडचे सारे मंत्र तिले ऐकून ठाव हायेत." आणि जाताना त्यानं तिला, आपल्या नातीच्या वयाच्या पोरीला, हात जोडले. मग एकजण दूध न देणारी गाय घेऊन आला. एक म्हातारी आपल्या जावयाला घेऊन येते म्हणाली, पण जावई येईना, म्हणून जावयाचा गमछा घेऊन आली.

धुरपता हसायची आणि आतून घाबरायची. कारण वैनी बोलत होती हे खरं, पण तेवढंच बोलत होती. "वैनी, जेवलीस का?" तर "लेब." "वैनी, माह्याकडं पाय." तर "टेंई," आणि दाराकडं नजर. सहा अक्षरांतली तीन तिनं घेतली होती आणि तीन सोडून दिली होती. ठिफ, झाफ, थुझ तिच्या तोंडी एकदाही आलं नाही. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला हे खटकायला हवं होतं. खटकलंही. पण तिनं त्याची नोंद 'प्रयोगातील त्रुटी' अशी मनात करून ठेवली.

आत्या मंडईच्या आदल्या दिवशी आली. तिनं पाय धुतले, चहा घेतला, वैनीला दोनदा हाक मारली, दोनदा "बुई" ऐकलं आणि धुरपताकडं वळली.

"हे बोलली म्हनता का तुमी? धुरपते, हे त म्हस बी बोलते."

"आत्या, सुरुवात हाये. हळूहळू..."

"मुकी होती थे बरी होती. मुकी सून घरात खपते. आता बाया पान्याले येत नाई तुमच्या विहिरीवर, मालूम हाये का? टोनही म्हनून राहिले तिले, चेटकीन."

ते खरं होतं. दोन दिवसांतच वारं फिरलं होतं. ज्यांनी मंत्र लागला म्हणून सांगितलं तेच आता मंत्र उलटला म्हणून सांगत होते. बिसरामचं म्हणणं पडलं की दीड सालाचं शिक्षण अपुरं आहे, गुरू पूर्ण करायला हवा होता.

त्याच दुपारी शालीकराम धानाचे भारे आणायला बंडी जुंपून निघाला. आसाला अजून तेल नव्हतं. बंडी हलली तशी ती कुरकुरली, लांब, नाकातून, टें-ई. वैनी धावत दारात आली. डावी कंबर बाहेर काढून, त्या कमरेभोवती हात गोल धरून ती उभी राहिली आणि उजव्या हाताचं बोट बंडीकडं करून म्हणाली, "टेंई!"

कडेवर कुणी नव्हतं. पण कड तशीच होती.

 धुरपता तिथंच उंबऱ्यावर बसली. उन्हाळ्यात, याच दारात, तिच्या स्वतःच्या कडेवर टुरा होता आणि बंडी निघाली की तो अख्खा बाहेर झुकून ओरडायचा, टेंई. पाणी हवं असलं की बुई. खाली बसलेल्याकडं हात पसरून लेब, म्हणजे उचल मला. तिला वाटलं होतं आपण अक्षरं बनवली. बनवली होती ती ठिफ, झाफ, थुझ. त्यांना खरोखरच अर्थ नव्हता. बाकीची तिच्या डोक्यात आधीच होती, आणि तिनं ती उचलून कॉलेजात नेली, वर्गासमोर वाचली आणि शाबासकी घेतली. वर्गात कुणाला अर्थ सापडणार कसा? ती बोली समजणारी माणसं साऱ्या जगात तीन-चार, आणि ज्याची होती ते लेकरू त्यांत नव्हतं.

श्रावणात न आलेलं रडू तिला तिथं आलं. वैनीनं तिच्याकडं पाहिलं, आत गेली आणि पाण्याचा लोटा घेऊन आली.

* * *

सगळं समजल्यावर सगळं नीट होईल, असं शिकलेल्या माणसाला वाटतं. संध्याकाळी बाबा, आत्या, दादा ओट्यावर बसले होते, तिथं जाऊन धुरपतानं रुख्माबाईला सांगावं तसं सोपं करून सांगितलं. हा मंत्र नाही, टोना नाही. हे टुऱ्याचे बोल आहेत. वैनी वेडी नाही, तिला एकेका शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. बुई म्हणते तेव्हा पाणीच आणते ना? थोडे दिवस द्या. याच वाटेनं ती परत येईल.

दुधरामला टुऱ्याचे बोल आठवेनात. तो शेतात असायचा. 

आत्याचा मात्र चेहरा पांढरा पडला. "म्हंजे मेलेल्या लेकराची बोली तिच्या तोंडून येऊन राहिली?"

"नाई आत्या, तसं नाई..."

"तूच सांगून राहिलीस ना? माय वो! मी त निस्तं येड लागलं समजत होती." तिनं पदर डोक्यावर ओढला. "उद्याच्या उद्या तिच्या भावाले निरोप धाडा."

धुरपता दादाकडं वळली. "दादा, तू तरी सांग. तुले आठवते ना? टेंई आठवते ना?"

शालीकराम खाली पाहत होता. त्याच्या हातात आसाला घालायच्या तेलाची बाटली होती, बूच लावलेली.

"मले पह्यल्याच दिशी समजलं," तो म्हणाला.

"मंग बोलला काऊन नाई?"

"काय बोलू?" त्यानं मान वर केली. "ते मुकी होती त मी घरी येत होतो. भात खात होतो, झोपत होतो. आता दरवाज्यात पाय टाकला का थो ऐकू येते मले. भाऱ्याखाली असलो तरी ऐकू येते." त्याचा आवाज चिडका नव्हता, तसा असता तर बरं झालं असतं. "तू थे अक्षरं काऊन आनलीस, धुरपता?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्या पुस्तकात होतं. 'विस्मरण' धड्याचं पान तिला आठवत होतं. 

मंडई झाली. वैनीचा भाऊ कवडू केशोरीहून आला. तो भांडायला आला नव्हता. बहिणीचं गाठोडं बंडीत ठेवताना तो एवढंच म्हणाला, "बरी झाली का धाडून देऊ." दादा शेतात निघून गेला होता. दुधराम बैलांना पाणी पाजत बसला, त्यांना तहान नसतानाही. निघायच्या आधी वैनीनं धुरपताला हातानं खाली बसवलं, डोक्याला तेल घातलं, वेणी घातली, घट्ट, प्रवासाला निघणाऱ्याची घालतात तशी. जणू जाणारी धुरपताच होती.

"वैनी," धुरपता म्हणाली, "एक डाव माहं नाव घे. आत्याच्या समोर घे. निस्तं धुरपता म्हन."

वैनीनं तिच्या गालाला हात लावला. ओठ हलले. आत्या दारात उभी राहून पाहत होती. वैनी म्हणाली, "लेब."

धुरपतानं तिला उचलली. कशी, ते तिलाही ठाऊक नाही. वैनी हाडापेरानं तिच्यापेक्षा थोराड होती. पण दोन्ही हातांनी उचलून तिला बंडीत बसवली. केशोरीच्या बंडीलाही तेल नव्हतं. चाकं फिरली, आस कुरकुरला, आणि वैनी त्या आवाजावर हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा. ते हसणं चांगलं की वाईट, हे धुरपताला तेव्हा कळलं नाही, नंतरही नाही.

माघात दादाचं दुसरं लग्न झालं. परीक्षा तोंडावर होती म्हणून ती गेली नाही.

प्रयोगाच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते, जाड चष्म्याचे. त्यांनी विचारलं, "निरर्थक अक्षरंच का वापरायची?"

"त्यांना पूर्वीचं साहचर्य नसतं. म्हणून स्मृती शुद्ध स्वरूपात मोजता येते."

"आणि ती लवकर का विसरतात?"

"कारण मनाला धरून ठेवायला त्यांत काही नसतं."

"उत्तम. तुमची अक्षरं?"

तिनं म्हटली. एका चालीत, न अडखळता. सर परीक्षकांकडं पाहून अभिमानानं हसले. त्या वर्षीही ती पहिलीच आली.

तोंडी परीक्षा संपली त्या दुपारी ती सरळ रांधणखोलीत गेली. रुख्मा खडे वेचत होती. "आज काय पुसलं सायबानं?" तिनं विचारलं. "मले बी सांग."

धुरपता तिच्यासमोर बसली, सवयीनं. "काही अक्षरं अशी राह्यतात, रुख्माबाई, का त्याईले अर्थच नसते."

"अर्थ नाई?" रुख्माचं बोट तांदळात थांबलं. "मंग कोन बोलते थे?"

धुरपतानं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, मघाशीच दिलेलं. ते वर येईना.

"बोल ना बाई. नाई समजलं मले."

 रुख्मानं सूप बाजूला ठेवलं, पोरीचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता माठातून पेला भरू लागली.

"बुई," धुरपता म्हणाली.

रुख्माला वाटलं, पुरे म्हणते आहे. तिनं ओतायचं थांबवलं.